रेडिएटरमधली हळद

उकळून आटलेल्या रेडिएटरला एक वास असतो. गंजाचा, तापलेल्या रबराचा, आणि त्यात काहीतरी गोडसर, नकोसं. माझ्या गाडीच्या रेडिएटरला त्याशिवाय हळदीचाही वास होता. आमटीतल्या हळदीचा नव्हे, तर महिनोन्महिने शिजून, थंड होऊन, पुन्हा शिजून नासलेल्या हळदीचा. तो वास नाकात बसला त्या दिवसापासून घरात फोडणी बसली की मी उठून अंगणात जातो. बायकोला वाटायचं, मला ठसका लागतो. खरं कारण मी तिला सात महिने सांगितलं नव्हतं. तिलाच काय, कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी ओतूरला एका कॉलेजच्या कार्यालयात काम करतो. कॉलेजात आणि गावातही सगळे मला भाऊसाहेब म्हणतात. गाव ओतूरपासून जवळच आहे. गाडी चंदेरी रंगाची, डिझेलवरची, मी घेतली तेव्हाच जुनी होती, आणि माझ्याकडे येऊनही अकरा वर्षं झालेली.

आमच्या बोअरचं पाणी जड आहे. बादलीच्या कडेला, नळाच्या तोंडाला पांढरा थर धरतं. हेच पाणी मी अकरा वर्षं गाडीत भरलं. कूलंट नावाचं औषधी पाणी मिळतं, ते भरलं की आतून गंज धरत नाही आणि पाणी लवकर उकळत नाही, हे मला माहीत होतं. पण "पाण्यासारखं पाणी विकत कशाला घ्यायचं?" असं मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर म्हणायचो. लोक हसायचे. लोक हसतात म्हणून मी पुन्हा पुन्हा म्हणायचो.

दोन वर्षांपूर्वी गाडीखाली सकाळी ओल दिसायला लागली. माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने वाकून बघितलं आणि सरळ सांगितलं, "भाऊसाहेब, जाळी सडलीय. रेडिएटर बदला. पाण्याचा पंप आन नळ्या बी आताच बदलून घ्या, नायतर एक दिवस रस्त्यात बसंल." मी म्हणालो, बघू पुढच्या महिन्यात. घरी आलो, तर आमच्या गल्लीतला एकजण ट्रॅक्टर धूत होता. तो म्हणाला, "हळद टाका की राव. आमी ट्रॅक्टरला टाकतो. पाण्यासंगं फिरती, आन भोक घावलं का तिथं जाऊन बसती."

यात खोटं काही नव्हतं. आमच्या भागातल्या कितीतरी ट्रॅक्टरांनी हळद प्यायलेली आहे. पण ती रानातून घरी पोचण्यापुरती. घरी आलं की रेडिएटर उतरवून झाळून, म्हणजे भोकं डाख लावून बुजवून घ्यायचा, हे सांगायची कुणाला गरज वाटत नाही, कारण ते सगळ्यांना ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. मी स्वयंपाकघरातला हळदीचा डबा आणून तीन चमचे टाकले, गळती थांबली, आणि मी तिथेच थांबलो. पुन्हा ओल दिसली की पुन्हा तीन चमचे.

हळद फक्त भोकावर बसत नाही. ती प्रत्येक बारीक नळीत बसते, बोअरच्या क्षारावर थर धरते, आणि पाण्याला फिरायला जागाच ठेवत नाही. गाडी तापायला लागली. मग कुणीतरी सांगितलं, थर्मोस्टॅट काढून टाका, आपल्याकडे काय बर्फ पडतो का? थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा छोटा व्हॉल्व. तोही मी काढून घेतला, पण दुसऱ्या गॅरेजात, कारण माझा मेकॅनिक ओरडला असता. त्यानेही फरक पडला नाही.

एकदा आम्ही दोघं राजुरीला मेहुणीकडे निघालो होतो. वाटेत बायको सारखी म्हणत होती, "अहो, काटा वर चाललाय. अहो, अजून वर गेला." मी तिच्यावर खेकसलो. पुढच्या रविवारी बॉनेट उघडून त्या काट्याकडे जाणारी वायर मी ओढून काढली. काटा खाली पडला आणि थंडच्या खुणेवर जो बसला तो बसलाच. मला बरं वाटलं. तापलेल्या माणसाचं थर्मामीटर फोडून समाधानाने जेवायला बसावं, तसा मी त्या दिवशी जेवलो.

त्यानंतर मी एक शिस्त लावून घेतली. डिकीत पाण्याचे दोन कॅन आणि जुना टॉवेल. दहा-बारा किलोमीटरला थांबायचं, लघवीला गेल्यासारखं करायचं, टॉवेलने टोपण हळूच सैल करायचं आणि पाणी ओतायचं. स्थळ दाखवताना पोराचा आजार लपवावा, तशी मी ती गाडी लोकांत फिरवत होतो. "अजून नवीसारखी आहे," असं टपरीवर सांगतही होतो.

आता आबांविषयी. आबा म्हणजे आमच्या गावचे एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. बौद्धवस्तीत राहतात, आमच्या गल्लीपासून चार पावलांवर. सगळी नोकरी त्यांनी घाटात काढली. मढच्या पुढे माळशेजच्या धुक्यात, पुढचं काही दिसत नसताना, त्यांनी भरलेली बस सुखरूप आणली, हे त्या बसमध्ये बसलेले लोक अजून सांगतात. निवृत्तीनंतर गावात कुणाकडे गाडी आहे पण हायवेवर चालवायची भीती आहे, कुणाला पेशंट न्यायचाय, कुणाच्या लग्नाला जायचंय, की आबांना बोलावणं. ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे, गाडीभोवती एक चक्कर मारायचे, बॉनेट उघडून तेल-पाणी बघायचे, आणि मगच बसायचे. मालक कितीही घाईत असला तरी यात बदल नाही.

एप्रिलमध्ये ते माझ्याकडे आले. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळ तीन महिन्यांचं झालं होतं, आणि तिला सासरी पोचवायचं होतं. सासर आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या पलीकडे वरच्या अंगाला. उन्हाळ्यात तान्ह्या बाळाला घेऊन दोन-तीन एसट्या बदलणं बरं नव्हतं.

"भाऊसाहेब, एक दिवस गाडी मिळंल का?" त्यांनी विचारलं. "डिझेल आमी टाकू."

त्यांनी त्याआधी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी म्हणायला हवं होतं, आबा, गाडी आजारी आहे, तिच्यात बाळाला बसवू नका. एका वाक्याचं काम होतं. पण गाडी नवीसारखी आहे असं मीच गावभर सांगितलेलं. आणि दुसरी गोष्ट, जी लिहायला मला जड जातं: नाही म्हटलं तर 'वस्तीतल्या माणसाला भाऊसाहेबांनी गाडी दिली नाही' असं लोक म्हणतील, ही भीती होती. म्हणजे मी गाडी दिली ती आबांच्या लेकीसाठी नाही. मी कसा दिसेन यासाठी दिली.

त्या दिवशी सकाळी ते यायच्या आधी मी डिकीतले कॅन आणि टॉवेल काढून न्हाणीघरामागे ठेवले. सामानाला जागा व्हावी म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे, ते बघून आबांनी ओळखलं असतं.

आबा आले. मुलगी बाळाला घेऊन मागे बसली, आबांची बायको पिशव्या घेऊन तिच्या शेजारी. माझ्या बायकोने बाळासाठी झबलं दिलं. आबांनी गाडीभोवती चक्कर मारली, आतून खटका ओढला आणि बॉनेट उचलायला हात घातला.

मी पुढे होऊन बॉनेटवर हात ठेवला.

"राहू द्या, आबा. सकाळीच सगळं बघितलंय मी. तेल, पाणी, सगळं फुल आहे. उशीर होईल तुम्हाला."

बॉनेट खाली बसलं. आबांनी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. आपला हात मागे घेतला, रुमालाला पुसला आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. मी खिडकीशी वाकून वर आणखी सांगितलं, "एसी लावू नका हं, डिझेल खातो." एसी लावला की गाडी लवकर तापायची.

दुपारी बाराच्या सुमारास त्यांचा फोन आला. "भाऊसाहेब, गाडी बसली."

पुढचं मला तुकड्यातुकड्याने कळलं. धरण मागे टाकून गाडी चढाला लागली. आबांना वास आला. गाडी ओढेना. त्यांनी काट्याकडे बघितलं, काटा थंड. पुन्हा बघितलं, थंडच. पुढच्या वळणावर थांबून बघू म्हणेपर्यंत इंजिन आचका देऊन बंद पडलं आणि बॉनेटच्या फटींतून वाफेचे लोट निघाले. रस्त्याच्या त्या भागात एकही झाड नव्हतं. गाडीत बसवेना आणि बाहेर उभं राहवेना. आबांच्या बायकोने लुगड्याचा पदर दोन्ही हातांनी ताणून बाळावर धरला. तासाभराने मुलीचे सासरे पिकअप घेऊन आले. बाळ रडून रडून निपचित झालं होतं. पुढे त्याला काही झालं नाही, पण त्या तासाभरात कुणाला काय माहीत होतं?

सासऱ्यांनी आधी सुनेला पुढे बसवलं. मग चारचौघांसमोर आबांना म्हणाले, "एवढी वर्षं एश्टी हाकली म्हणं तुमी. लेकराला घेऊन निघायचं तर पाणी तरी बघावं माणसानं."

भाऊसाहेबांनी बघू दिलं नाही, एवढंही आबा बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात उभे होते. आत या म्हटलं तर येईनात. हात जोडून म्हणाले, "माझ्या हातनं तुमची गाडी गेली. वास आला व्हता मला. काट्यावर इस्वास ठिवला आन नाकाचं ऐकलं न्हाई. असं माझ्याकडनं कधी झालं न्हाई, भाऊसाहेब. काय खर्च येईल तो सांगा."

तिथे, त्या क्षणी, मला बोलता आलं असतं. बायको मागे उभी होती, शेजारचे दोघं गेटाशी येऊन थांबले होते. मी काय केलं? मी आबांचे जोडलेले हात धरून खाली घेतले आणि म्हणालो, "असू द्या, आबा. होतं असं माणसाकडून. खर्चाचं नाव काढू नका."

मी त्यांना माफ केलं.

हे वाक्य लिहितानाही मला स्वतःची शिसारी येते. गुन्हा माझा, माफी मागायला ते आले, आणि मी ती उदारपणे दिली. त्यांचे डोळे भरून आले होते. संध्याकाळी टपरीवर गेलो तर कुणीतरी मला खुर्ची दिली. "भाऊसाहेब, मानलं तुमाला. दुसरा असता तर गाडीची किंमत भरून मागितली असती." मी मान खाली घालून हसलो. लोकांना तो विनय वाटला.

दोन दिवसांनी, गाडी ओढून ओतूरला आणल्यावर मेकॅनिकने इंजिन उघडायला घेतलं तेव्हा मी ओतूरला गेलो. रेडिएटर उतरवून त्याने जमिनीवर उपडा केला. त्यातून जे पडलं ते पाणी नव्हतं. पिवळं, तपकिरी, गुठळ्यांचं काहीतरी, वर तेलाचा तवंग. ते सांडलं नाही, घसरत बाहेर आलं. हेड वाकलं होतं, पिस्टन जागीच अडकून बसला होता, आणि पाणी ऑइलमध्ये मिसळून त्याचा दुधाळ चहासारखा फेस झाला होता. मेकॅनिकने एक गुठळी बोटावर घेतली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"भाऊसाहेब, हे पिठलं कुणी घातलं?"

मी जमिनीवरच्या त्या लगद्याकडे बघितलं.

"थर्मोस्टॅट कुठंय?" मग त्याने सुटी वायर वर करून दाखवली. "आन ही?" त्याने फडक्याला बोट पुसलं. "आबांनी गाडी घालवली म्हणत्यात फाट्यावर. त्यांना कळू द्या हे."

"सांगतो," मी म्हणालो.

आणि वास माझ्या नाकात घेऊन घरी आलो. साबणाने दोनदा तोंड धुतलं. सांगितलं नाही.

आधी वाटलं, लोक आठ दिवसांत विसरतील. लोक विसरले नाहीत, उलट त्यांना खेळणं मिळालं. आबा फाट्यावर दिसले की कुणी म्हणायचं, "आबा, चहा घ्या. का थंडच आणू? तुमाला गरम सोसत न्हाई." कुणी म्हणायचं, "सरकारची एश्टी कशी काय वाचली राव तुमच्याकडनं?" आबा एकदा-दोनदा हसले. मग त्यांनी टपरीवर यायचं बंद केलं. लग्नसराई तशीच निघून गेली, त्यांना एकही बोलावणं आलं नाही. पेशंट न्यायलाही लोक दुसऱ्याला बोलावू लागले. गावाला हे एवढ्या लवकर पटलं यात मला नवल वाटायला हवं होतं. ड्रायव्हर आमच्या गल्लीतला असता तर चार जणांनी तरी विचारलं असतं की बाबा, गाडीचंच काही नसेल ना? आबांच्या बाबतीत तो प्रश्न कुणी विचारला नाही, आणि कुणी विचारू नये अशी सोय मला मिळाली. ती मी निमूट वापरली. माझी गाडी दुरुस्त होऊन आली. नवा रेडिएटर, नवा पंप, हिरवं कूलंट. काटा जोडलेला. ती कधी तापली नाही.

नोव्हेंबरात एके दिवशी जेवताना बायको म्हणाली, "आबांच्या मालकीणबाई भेटल्या होत्या. आबांच्या लायसनची मुदत संपत आलीय. नूतनीकरण करायचं नाही म्हणतात. कुणी गाडी चालवायला बोलावत नाही, कशाला हवा तो कागद, म्हणतात." मग ताटाकडे बघत म्हणाली, "त्या गाडीचं फार लागलं त्यांना."

मी हातातला घास ताटात ठेवला. तिला मी तिथेच सगळं सांगितलं. हळद, वायर, कॅन, बॉनेट. तिने मध्ये एकदाही थांबवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "आणि मी त्या बाळाला झबलं दिलं." उठून तिने हळदीचा डबा उचलला आणि मोरीत नेऊन घासायला घेतला.

सकाळी मी वस्तीकडे गेलो. आबा घरामागच्या वाफ्यात कांद्याचं रोप उपटत होते. मी बांधावर उभा राहून सांगायला सुरुवात केली. ते ऐकत होते आणि उपटत होते. मूठ भरली की मुळांची माती झटकायची, जुडी बांधायची, बाजूला ठेवायची. माझं संपलं तेव्हा सहा-सात जुड्या झाल्या होत्या.

"वायर कधी काढली व्हती?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"झालं वर्ष-दीड वर्ष."

"म्हंजे काटा मेलेलाच व्हता. आन मी त्याच्याकडं बघून गाडी ओढत ऱ्हायलो." ते उठून उभे राहिले. पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. "भाऊसाहेब, तुमी बॉनेटवर हात ठिवला तवा मला काय वाटलं सांगू? वाटलं, गाडी दिली ती लोकलाजंनं दिली. बसू देतील, पर आमचा हात इंजनाला लागू देणार न्हाईत."

"तसं नव्हतं, आबा."

"मंग कसं व्हतं?"

अर्धं ते बरोबरच होतं. लोकलाजेनंच दिली होती. सात महिने त्यांनी दोन ओझी वाहिली होती, गाडी घालवल्याचं आणि त्या हाताचं, आणि दोन्ही माझी होती.

मी म्हणालो, "आबा, मला माफ करा."

त्यांनी ते ऐकलंच नसल्यासारखं पुढची जुडी बांधली. "मला सांगून काय उपेग? मी काय केलं न्हाई ते मला आता कळलं, बास. ज्यांनी बोल लावला त्यांना सांगा. लेकीच्या घरी चला. तिला तिथं सात महिनं खाली मान घालून ऱ्हावं लागलंय."

रविवारी आम्ही निघालो. माझी गाडी घेऊ का, असं मी विचारलं नाही, त्यांनीही तो विषय काढला नाही. एसटीने जुन्नर, तिथून घोडेगाव, तिथून वरची गाडी. आबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. धरणापुढच्या चढावर, एका वळणाशी, त्यांनी खिडकीबाहेर बघायचं सोडून समोरच्या सीटच्या पाठीकडे बघायला सुरुवात केली. तेच वळण असणार.

मुलीचे सासरे अंगणातच होते. उंच, मोठ्या आवाजाचा माणूस. "या, या व्याही! आन हे कोण, गाडीवाले भाऊसाहेब? आज एश्टीनं?"

आम्ही ओट्यावर बसलो. पाणी आलं. मुलगी दाराशी बाळाला कडेवर घेऊन उभी राहिली. बाळ आता चांगलं गुटगुटीत झालं होतं. मी घसा साफ केला.

"त्या दिवशीचं सांगायला आलोय," मी म्हणालो. "गाडी तशी जुनीच होती हो. काही गोष्टी माझ्याही लक्षात राहिल्या नाहीत. घाई होती, आणि..."

"भाऊसाहेब," आबा म्हणाले, "नीट सांगा."

मी थांबलो. तिथेसुद्धा, एवढ्या लांब त्याच कामाला येऊनसुद्धा, माझी जीभ मला वाचवायला निघाली होती.

मग मी नीट सांगितलं. रेडिएटर सडलेला होता हे मला माहीत होतं. मी त्यात दीड-दोन वर्षं हळद टाकत होतो. तापल्याचं दाखवणारा काटा मी वायर काढून बंद केला होता. आबा पाणी बघायला निघाले होते, मी खोटं बोलून त्यांना अडवलं. नंतर सगळं कळूनही गप्प बसलो.

सासरे माझ्याकडे वळले.

"म्हंजे आमचं लेकरू उन्हात पडलं ते तुमच्यापायी."

"हो."

"आन मी ह्यांना वाट्टंल ते बोललो, चार माणसांत."

"हो."

दारातून मुलगी बोलली, सासऱ्यांशीच, पण आवाज चढवून. "मी तवाच म्हणलं व्हतं मामंजी, आमचे आबा पाणी बघितल्याबिगर गाडीत बसत न्हाईत. कुणी ऐकलं?"

सासऱ्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. आबांकडे वळून म्हणाले, "चुकलं व्याही माझं. बोलायला नको व्हतं." आबांनी फक्त मान हलवली. मग सासरे माझ्याकडे कलून, आवाज खाली आणून म्हणाले, "हळद... किती टाकायचात?"

"तीन चमचे. पुन्हा पुन्हा."

"हात् तिच्या." ते गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली बघायला लागले. तिथे त्यांचा ट्रॅक्टर उभा होता. "आमच्यात बी हाय की हो. मूठभर."

मला एकदम हलकं वाटलं. वाटलं, म्हणजे मी एकटाच नाही, सगळेच करतात. आणि लगेच त्या हलकं वाटण्याचीच घाण वाटली. ट्रॅक्टर त्यांचा होता, रान त्यांचं होतं. त्यात त्यांनी दुसऱ्याचं तान्हं लेकरू घालून वर खोटं सांगितलं नव्हतं.

आबा मात्र उठले होते. "कधीची हाय?"

"पावसाळ्यापासनं."

"पावसाळ्यापासनं? आन तसाच चालवताय?" त्यांचा आवाज सात महिन्यांत मी असा ऐकला नव्हता. ते ट्रॅक्टरपाशी गेले, रेडिएटरवर हात ठेवून थंड असल्याची खात्री केली, टोपण काढलं, आत डोकावले. "हे बगा. बोट घाला आत. काय लागतंय? गाळ. आजच काढा हे सगळं. पाना आना."

ज्या माणसाने त्यांना रस्त्यात पाणी बघायला शिकवलं होतं, तो पाना आणायला घरात पळाला.

"भाऊसाहेब, बादली धरा," आबा म्हणाले.

मी खाली बसून बादली धरली. त्यांनी पाणी सोडायची खालची चावी सैल केली. आधी थेंब, मग एकदम धार. तोच रंग, तोच वास. माझ्या हातांवर, पँटवर, चपलांवर उडाला. मला ओकारी आली, ती मी गिळली. माझ्या डोक्यावर आबा व्याह्यांना समजावत होते, "साध्या पाण्यानं दोनदा धुवा. मंग घोडेगावला न्या, रेडिएटर खोलून साफ करून घ्या, झाळून घ्या. कूलंट भरा. आन बोअरचं पाणी अजाबात न्हाई." आणि व्याही, मोठ्या आवाजाचा माणूस, "बरं, बरं, तुमी म्हणाल तसं" म्हणत होता. मुलगी बाळाला घेऊन जवळ आली होती. "आबा, शर्ट सांभाळा," ती म्हणाली. आबांनी हात पुसले आणि बाळाला घेतलं.

जेवणाचा आग्रह झाला. आबा आत जेवायला बसले, मीही बसलो. ताटात पिवळी डाळ होती. मी ती खाल्ली.

परतीच्या एसटीत आबा माझ्याजवळ बसले नाहीत. पुढे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसले. ते दोघं वाटभर बोलत होते, क्लचबद्दल, घाटातल्या नव्या वळणाबद्दल. मी मागे, पँटवरचे डाग पिशवीने झाकून.

फाट्यावर उतरलो तेव्हा टपरीवर चौघं-पाचजण होते. मी त्यांच्याकडे वळलो, तेव्हा आबा थांबले नाहीत, रस्ता ओलांडून वस्तीकडे निघाले. मी टपरीवर सगळं सांगितलं, अंगणात सांगितलं तसंच. आधी कुणाला खरं वाटेना. मग एकजण हसला, "गाडीला हळद लावली? लगीन कवा हाय, भाऊसाहेब?" सगळे हसले. मी हसलो नाही. त्यातला एक वयस्कर माणूस चहाचा कप ठेवून म्हणाला, "ह्यात हसण्यासारखं काय हाय? म्हातारा घरात बसला की ह्यांच्यापायी." खुर्ची कुणी दिली नाही.

मी धावत जाऊन आबांना गाठलं. ते वस्तीच्या वळणाशी होते.

"आबा, लायसनचं करणार ना?"

"डॉक्टरच्या फॉर्मावर फोटो लागतो म्हणं," ते चालता चालता म्हणाले. "उद्या ओतूरला जाणार हाय काढाया."

"मी येऊ का बरोबर? सुट्टी टाकतो. रांग असते, कागद असतात..."

ते थांबले. रागाने नाही, खरंच प्रश्न पडल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"तुमी कशाला?" ते म्हणाले, आणि घराकडे वळले.